‘सक्तमजुरी’ म्हणजे नेमके किती काम? नागपूरच्या जुन्या मध्यवर्ती तुरुंगातले कारखाने समजून घेताना

न्यायाधीश म्हणतो, ‘दोन वर्षे सक्तमजुरी’, आणि निकालपत्र तिथेच थांबते. कोणते काम, दिवसाला किती, ते मोजायचे कोणी, पुरे झाले नाही तर काय, यातले काहीच कोर्टात ठरत नसे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कैद दोन प्रकारची केली, साधी आणि सक्त. सक्त म्हणजे कठोर श्रमांची, एवढे सांगून कायदा मोकळा झाला. त्या दोन शब्दांचे शेर, वार आणि तास करण्याचे काम तुरुंगाकडे आले.

नागपुरात ते वर्धा रोडवरच्या, आजच्या रहाटे कॉलनी चौकाजवळच्या उंच भिंतींआड होई. हा मध्यवर्ती तुरुंग १८६४ चा. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती, मध्य प्रांत स्थापन होऊन तीन, आणि शहरात रेल्वे यायला आणखी तीन वर्षे बाकी होती. म्हणजे गिरणीचा भोंगा नागपूरकरांच्या कानावर पडण्याआधी शेकडो माणसांना ठरल्या वेळी कामाला बसवून ठरल्या वेळी उठवणारी जागा शहरात तयार होती. एम्प्रेस मिल सुरू झाली ती १ जानेवारी १८७७ ला.

त्याआधी कंपनीच्या मुलखात कैद्यांचे काम म्हणजे रस्ता. पायात बेड्या, हातात कुदळ, बरोबर शिपाई. १८३६ मध्ये नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीने (मेकॉले तिचा सदस्य होता) १८३८ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. रस्त्यावरचा कैदी पळतो, मरतो, नातेवाइकांशी बोलतो, शिपायाला पैसे चारून सावलीत बसतो, आणि शिक्षेची जरब राहत नाही, असा एकूण सूर होता. समितीचा उपाय असा की काम भिंतीच्या आत आणा, ते कंटाळवाणे ठेवा, आणि वर्षाहून जास्त शिक्षा झालेल्यांना मोठ्या मध्यवर्ती तुरुंगांत गोळा करा. नागपूरच्या तुरुंगाच्या नावातला ‘मध्यवर्ती’ शब्द या विचारातून येतो. तो शहराच्या मध्यभागी आहे म्हणून नव्हे, जिल्ह्याजिल्ह्यांतले लांब मुदतीचे कैदी तिथे आणले जात म्हणून.

लांब मुदत आणि कारखाना यांचे नाते सरळ आहे. तीन महिन्यांच्या कैद्याला माग शिकवायला घ्यावे तर तो शिकेपर्यंत सुटतो. तीन वर्षांचा माणूस मिळाला तर शिकवलेले वसूल होते.

तिकीट, तराजू आणि नऊ तास

कैदी आत आला की त्याचे वजन होई, डॉक्टर तपासत, आणि त्याच्या नावाचे ‘हिस्ट्री तिकीट’ तयार होई. गुन्हा, मुदत, वजन, काम, शिक्षा, आजार, सगळे त्या एका कागदावर. कामाच्या दृष्टीने डॉक्टर कैद्याला तीनपैकी एका वर्गात टाकत: कठीण, मध्यम किंवा हलके काम. मध्यवर्ती तुरुंगाचा सुपरिटेंडेंट बहुधा स्वतःच इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर असे. काम लादणारा आणि ‘हे काम याला झेपते का’ हे पाहणारा असे दोन्ही अधिकार वैद्यकीय शिक्षण झालेल्यांच्याच हाती. सोय होती, आणि अडचणही तीच होती.

१८९४ च्या तुरुंग कायद्याने मर्यादा लेखी केली. कलम ३५ प्रमाणे सक्तमजुरीच्या कैद्याला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त कामाला लावायचे नाही; अगदी निकड असेल तर सुपरिटेंडेंटची लेखी परवानगी हवी. आणि काम करणाऱ्या प्रत्येक कैद्याचे वजन दर पंधरवड्याला निदान एकदा तिकिटावर नोंदवायचे. ही दुसरी अट नीट पाहण्यासारखी आहे. काम जास्त होते की नाही हे कैद्याला विचारायचे नाही, काट्याला विचारायचे. वजन उतरत गेले आणि डॉक्टरच्या मते कामाने प्रकृती बिघडत असेल तर काम बदला. कैदी थकल्याचे सोंग करील, काटा करणार नाही, असा हिशोब. पण अन्न कमी पडले तरी वजन उतरते, हगवणीनेही उतरते, आणि काटा यातले कारण सांगत नाही.

साध्या कैदेच्या माणसाने मागितले तर त्यालाही काम द्यायचे, पण ते नीट केले नाही म्हणून फार तर त्याच्या जेवणात बदल करता येई, दुसरी शिक्षा नाही. कर्जापायी आत आलेला दिवाणी कैदी तर स्वतःची हत्यारे आणि स्वतःचे जेवण आणून धंदा करू शके आणि सगळी कमाई ठेवू शके. एकाच भिंतीआड दोघे शेजारी बसून कापड विणत असतील, तर एकाचा मोबदला त्याच्या खिशात आणि दुसऱ्याचा सरकारजमा.

चक्की: मोजायला सोपी, म्हणून आवडती

तुरुंगाला असे काम हवे असते जे माणशी वाटता येते, रोज सारखे असते आणि संध्याकाळी मोजता येते. दळण यात चपखल बसते. सकाळी धान्य मोजून द्या, संध्याकाळी पीठ मोजून घ्या.

उदाहरणादाखल माणशी १५ शेर धरू. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. १५ शेर झाले १४ किलो. आठ तासांत पौणेदोन किलो तासाला. आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. घरोघरच्या बाया पहाटे दोन-तीन शेर दळतच होत्या. पण घरचे दळण दोन तासांत संपते, जाते ओळखीचे असते, आणि दमले तर सासू नाही तर जाऊ खुंट्याला हात लावते. इथे पाचव्या तासाला खांदा भरून येतो आणि ढीग अजून पाच-सहा शेरांचा उरलेला असतो. शिवाय जात्यावर बसले की आपोआप ओठावर येणारी ओवी इथे चालत नसे. मोठ्याने बोलणे, हसणे, गाणे हे तुरुंगाच्या नियमांत अपराध होते.

आता बिघाड कुठे होतो ते पाहू. पहिला दगडात. दळून दळून पाळीचे टाके झिजतात. गुळगुळीत झालेला दगड दाणा फोडत नाही, नुसता चेपतो. पीठ गरम होते, जाडे राहते आणि तेवढ्याच पिठाला जास्त फेरे लागतात. म्हणून ठरावीक दिवसांनी टाकी लावावीच लागते, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खडबडीत करावा लागतो. ती लावायला उशीर झाला की त्या जात्यावरचे कैदी काम पुरे करू शकत नाहीत आणि नोंद मात्र ‘आळस’ अशी होते. उलट, नुकती टाकी लावलेल्या जात्याचे पहिले पीठ कचकचीत असते. ते बाजूला काढले नाही तर दगडाचा चुरा सगळ्यांच्या भाकरीत.

दुसरा बिघाड वजनात. दळताना थोडे पीठ उडते, थोडे दगडाला राहते, उन्हाळ्यात धान्याची ओल जाते. शेकडा एक-दोनची घट मानावीच लागते. पण एकदा घट मान्य केली की ती खाल्ली जाते, शब्दशः. भुकेला माणूस कोरडे पीठ तोंडात टाकतो आणि वजन भरायला माती, राख किंवा पाणी मिसळतो. ओल्या पिठाचे वजन संध्याकाळी बरोबर भरते. सकाळी त्याला आंबूस वास येतो. म्हणून जाणता मुकादम पीठ तोलण्याआधी मुठीत दाबून पाहतो. मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर त्यात पाणी आहे.

तिसरा बिघाड जोडीचा. एका जड जात्याला दोघे बसवले तर कोणी ओढले आणि कोणी नुसता हात ठेवला हे पिठावरून कळत नाही. धडधाकट माणसाला अशक्त जोडीदार मिळाला की दोघांचेही काम अपुरे राहते.

आणि सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे तुरुंगाला पीठ लागते तरी किती? हजार कैदी धरा, माणशी १२ छटाक पीठ. १६ छटाकांचा एक शेर, म्हणजे रोज ७५० शेर. माणशी १५ शेर दळले तर ५० माणसांत काम खलास. उरलेल्या साडेनऊशेंनी करायचे काय? कारखान्याचा खरा उगम या प्रश्नात आहे.

तेलघाण्याची गोष्ट तशीच. बैलाच्या जागी माणूस. अंदमानच्या कोठडीतला कोलू मराठी वाचकाला सावरकरांमुळे ठाऊक आहे, म्हणून इथे लांबवत नाही. विलायतेत तर याच्या पुढची पायरी होती, पायाने फिरवायचे पायऱ्यांचे चाक, विल्यम क्यूबिट या अभियंत्याने १८१८ च्या सुमारास तुरुंगांसाठी आणलेले. बऱ्याच ठिकाणी ते काहीच दळत नसे, नुसते हवेत फिरे. तिथे ते १८९८ च्या कायद्याने बंद झाले.

खडी फोडणे हे दुसरे मोजता येण्यासारखे काम. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट मुबलक. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. खडीचे माप वजनाने नसते, आकारमानाने असते. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. ढीग आयताकृती रचायचा आणि टेपने मोजायचा. फसवणूकही तिथेच. तळाशी दोन-चार मोठे धोंडे ठेवून वर खडी पसरली की माप भरते आणि हातोडीचे शेकडो घाव वाचतात. ठेकेदारांनाही ही युक्ती ठाऊक असते, त्यामुळे कैद्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. यातला खरा धोका डोळ्यांना. कपची उडते. जाळीचा चष्मा दिला तर घामाने भिजून दिसेनासे होते आणि कैदी तो कपाळावर चढवतो.

माग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगातले मुख्य उद्योग होते छपाई आणि बांधणी, लाकूडकाम, वेतकाम आणि कापड विणणे. यातला माग सविस्तर पाहू, कारण तुरुंगाच्या कारखान्याची सगळी डोकेदुखी एका मागावर दिसते.

कैद्यांचे कपडे, चादरी, झाडण्या यांना जाडेभरडे कापड लागे. समजा १० नंबरचे सूत आहे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. १० नंबर म्हणजे पौंडाला ८,४०० वार. ३६ इंच पन्ह्याचे, इंचाला ३२ ताणे (उभे धागे) आणि ३२ बाणे (आडवे धागे) असे कापड घ्या. एक वार कापडात ताण्याचे धागे ३६ गुणिले ३२, म्हणजे १,१५२, प्रत्येकी एक वार लांब. बाण्याचेही तेवढेच. एकूण २,३०४ वार. धागा वाकून जातो, टोके कापली जातात, म्हणून शेकडा आठ वाढवा: सुमारे २,४९० वार. ८,४०० ने भागले की वाराला ०.२९६ पौंड. दहा वार कापडाला जवळजवळ तीन पौंड सूत.

हा हिशोब सुपरिटेंडेंटला तोंडपाठ असणे भाग होते, कारण सूत म्हणजे विकता येणारा माल. तीन पौंड सूत दिले आणि दहा वार कापड तीन पौंडांचे परत आले तर सगळे ठीक, असे वरवर वाटते. ठीक असेलच असे नाही. ताण्याला खळ लावलेली असते, म्हणजे तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठाची पेज कुंच्याने धाग्यांवर फिरवून वाळवलेली. खळीलाही वजन असते. सूत थोडे बाजूला काढून खळ जाड लावली की काटा समाधानी. ही चलाखी पकडायची तर कापडाचा तुकडा कापून, कोमट पाण्यात चोळून धुऊन, पुरता वाळवून पुन्हा तोलावा लागतो.

दुसरी चलाखी हाताची. फणी (बाणा ठोकून बसवायची दातेरी चौकट) जोरात ठोकली तर इंचात ३२ बाणे बसतात, हलकी ठोकली तर २८. बाण्याचे सूत आठव्या हिश्शाने वाचते, धोटा (बाणा इकडून तिकडे नेणारे साधन) तितका कमी वेळा फेकावा लागतो, आणि लांबी मात्र पूर्ण भरते. दिवसाचे काम वारांत ठरवले की विरळ कापड येणारच. म्हणून नुसती लांबी मोजून भागत नाही. भिंग ठेवून एका इंचातले धागे मोजावे लागतात, आणि तेही तीन ठिकाणी, कारण शेवटचा हातभर भाग सगळेच घट्ट विणतात.

दिवसाला किती वार? हाताने फेकायचा धोटा मिनिटाला सुमारे ४० फेऱ्या करतो. एक वाराला १,१५२ बाणे, म्हणजे न थांबता विणले तर २९ मिनिटे. पण धोट्यातली सुताची कांडी संपते, धागा तुटतो, कापड गुंडाळावे लागते. निम्मा वेळ त्यात जातो असे धरा. मग तासाला एक वार, दिवसाला सात-आठ वार. दोरी ओढून पळवायचा धोटा (इंग्लंडच्या जॉन के याची १७३३ ची युक्ती) बसवला तर फेऱ्या जवळजवळ दुप्पट होतात, पण कापड दुप्पट होत नाही, कारण थांबे तेवढेच राहतात आणि वेगाने धागा उलट जास्त तुटतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात तर फारच. सुती धागा ओलाव्यात बळकट, कोरड्या हवेत कडक आणि ठिसूळ. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडी ठक्क. खळ वाळून पापुद्रे निघतात, फणीजवळ ताणे पटापट तुटतात. एम्प्रेस मिलने यासाठी हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली. खड्डामागाची सोय जास्त जुनी आणि फुकट: विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, ताणा जमिनीलगत असतो आणि जमिनीची ओल धाग्याला मिळते. खड्ड्यात सकाळी दोन तांबे पाणी शिंपडले की दुपारपर्यंत बरे चालते. पण उंच छताच्या, चारी बाजूंनी झरोके असलेल्या बराकीत माग मांडले तर हे जमत नाही. अशा इमारती कैद्यांवर नजर राहावी आणि वारा खेळावा म्हणून बांधत. सुताच्या दृष्टीने वारा हा शत्रू.

एक विणकर विणतो तेव्हा त्याच्या मागे कांड्या भरणारा, ताणा मांडणारा, खळ लावणारा असे दोघे-तिघे लागतात. म्हणून माग तुरुंगाला परवडे. म्हातारा कैदी, दुखऱ्या पायाचा कैदी कांड्या भरू शकतो. डॉक्टरच्या ‘हलक्या कामा’चा वर्ग इथे खपतो.

सतरंजी, वेत आणि छापखाना

सतरंजीच्या विणीत धोटा पळवायचा नसतो. ताण्यातून रंगीत बाणा हाताने घालायचा आणि लोखंडी दातांच्या पंजाने ठोकून बसवायचा. भांडवल थोडे, शेजारी शेजारी चार माणसे बसू शकतात आणि घाई नसते. याच कारणाने येरवडा, आग्रा, लाहोर इथले तुरुंग सतरंज्या आणि गालिच्यांसाठी नावाजले. विंडसरच्या किल्ल्यातल्या वॉटर्लू दालनात अंथरलेला प्रचंड गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवासाठी विणलेला आहे. वजन सुमारे दोन टन. असे काम खुल्या बाजारात कोणी सहज अंगावर घेणार नाही. तुरुंगाजवळ वेळच वेळ होता.

सरकारी कचेरीतली वेताची खुर्ची बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्या चौकटीला साधारण अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके असतात. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या आधी उभ्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या, मग पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन तिरक्या दिशांनी घालतात. काठावर जाड पट्टी बांधली की सातवी पायरी पूर्ण. चौथ्या पायरीत आडवी पट्टी आधीच्या जोड्यांमधून वरखाली ओवायची असते. तिथे चुकले तर लगेच काही दिसत नाही. मात्र तिरकी पट्टी त्या जागी सरकण्याऐवजी अडकते, आणि बसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर कापली जाते. वर्षभरात खुर्चीला खळगा. कोरड्या वेताने विणले तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही.

वेताचा तुरुंगातला दुसरा उपयोग कायद्यातच लिहिलेला आहे. फटक्यांच्या शिक्षेसाठी अर्ध्या इंचापेक्षा कमी जाडीचा वेत नको, आणि फटके तीसपेक्षा जास्त नकोत. जाणूनबुजून काम बिघडवणे हा ‘तुरुंगातला अपराध’ होता. नुसत्या इशाऱ्यापासून फटक्यांपर्यंतच्या शिक्षांची एकच यादी सगळ्या अपराधांना लागू होती, आणि अधिक कष्टाच्या कामावर बदली हीही त्याच यादीतली.

छापखान्याचे काम पाहता पाहता वाढले, कारण सरकारला छापील कोऱ्या फॉर्मांची कधी न संपणारी भूक असते. फॉर्मला घाई नसते, मजकूर बदलत नाही आणि चूक झाली तर कोणी वाचक पत्र लिहीत नाही. अडचण माणसांची. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवायला वाचता येणारा हवा, तोही उलटे वाचणारा, आणि साक्षर कैदी मोजके. बांधणीला मात्र अक्षरओळख लागत नाही. मोठा कागद तीनदा दुमडला की १६ पानांचा फर्मा होतो. फर्मे ओळीने लावायचे, शिवायचे, पुठ्ठा चिकटवायचा. चिकटवायची खळ गव्हाच्या पिठाची. तिच्यात मोरचूद घालण्याची बांधणीकारांची जुनी रीत आहे, त्याने कसर लागत नाही. भुकेल्या माणसांच्या कारखान्यात त्या निळ्या विषाचा आणखी एक उपयोग होता, तो कळायला फार विचार करावा लागत नाही.

फुकटची मजुरी आणि तिचा हिशोब

कैद्याला मजुरी द्यायची नाही, मग कारखाना नफ्यातच असणार, असे वाटते. हिशोब मांडू. हजार कैदी. त्यातले शंभर न्यायप्रविष्ट, दिवाणी किंवा साध्या कैदेचे. ऐंशी दवाखान्यात किंवा आजारातून उठलेले. दळण, स्वयंपाक, पाणी, झाडलोट, मैला, बाग, दुरुस्ती यांत दोनशे. मुकादम आणि पहारेकरी म्हणून नेमलेले कैदी शंभर. उरले पाचशे वीस, त्यातले कित्येक शिकाऊ. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण तुरुंग चालवणाऱ्याला प्रमाण ओळखीचे वाटेल.

नफा काढायची रीत अशी होती: मालाची विक्री वजा कच्चा माल वजा हत्यारांची झीज. जेवण, कपडे, शिपायांचे पगार, भिंतींची डागडुजी वेगळ्या खात्यात. त्यामुळे कारखान्याच्या पानावर नफा दिसे आणि तुरुंगाच्या पानावर खर्च. दोन्ही पाने एकत्र ठेवली की कैद्याचे काम त्याच्या भाकरीपुरतेही पुरत नसे.

यावरूनच जुना वाद होता. बंगालमध्ये १८५५ ते १८७० तुरुंगांचे मुख्य निरीक्षक असलेले डॉ. फ्रेडरिक मोअट म्हणत, तुरुंग उद्योगाची शाळा झाला पाहिजे. त्यांच्या काळात अलीपूरच्या तुरुंगात तागाचे मोठे काम चाले. विरोधकांचे म्हणणे दोन बाजूंनी येई. एक पक्ष म्हणे, हस्तकौशल्य शिकवले तर शिक्षा कुठे उरली? दुसरा पक्ष व्यापाऱ्यांचा: बिनमजुरीच्या मालाशी आम्ही स्पर्धा कशी करायची? नागपुरात हा दुसरा प्रश्न कागदावरचा नव्हता. भिंतीबाहेर कोष्टी आणि हलबा कोष्टी विणकरांच्या वस्त्या होत्या, आणि गिरणीच्या स्वस्त कापडाने त्यांचे आधीच कंबरडे मोडत आले होते. यावर सरकारने काढलेला तोडगा म्हणजे तुरुंगाने मुख्यतः सरकारी खात्यांनाच माल पुरवावा: पोलिसांचे कपडे, कचेऱ्यांच्या खुर्च्या, फॉर्म. त्याने तक्रार दबली, मिटली नाही. पोलिसांचे कापड आधी कोणी तरी विकतच होते.

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने कैद्याला सुधारणे हा तुरुंगाचा हेतू मानला. त्यानंतर थोड्याच काळात, १९२३ मध्ये, नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात हजाराहून अधिक स्वयंसेवक पकडले गेले. जमनालाल बजाज आणि विनोबा त्यांत होते. कारखान्याच्या नजरेने पाहिले तर ही सर्वांत अवघड भरती. मुदत काही महिन्यांची, म्हणजे माग शिकवण्यात अर्थ नाही, आणि एकदम एवढ्या माणसांना पुरतील अशी हत्यारेही नाहीत. अशा वेळी कुठल्याही तुरुंगापाशी शिल्लक राहते ते जाते आणि खडी.

कामाच्या वाटपातली एक गोष्ट कुठल्याच हिशोबात येत नसे. स्वयंपाक ‘वरच्या’ जातींच्या कैद्यांकडे आणि मैला ठरावीक जातींकडे, असे वाटप प्रांतोप्रांतीच्या जेल मॅन्युअलांत लेखी होते. शिक्षा कोर्टाने दिलेली, काम जन्माने. या तरतुदी इतक्या चिवट निघाल्या की त्या घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२४ चा निकाल लागला. मजुरीचा प्रश्न त्याआधी, १९९८ मध्ये सुटला: सक्तमजुरीच्या कैद्यालाही त्याच्या कामाचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे आणि त्यातला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी राखावा, असे न्यायालयाने सांगितले.

ब्रिटिश काळात पैशाच्या जागी दिवस मिळत. माफीची पद्धत होती. बऱ्याच प्रांतांच्या मॅन्युअलांत महिन्याला दोन दिवस चांगल्या वागणुकीचे आणि दोन दिवस नेमून दिलेले काम पुरे केल्याचे, असे चार दिवस शिक्षेतून वजा होत. एकूण माफी शिक्षेच्या चौथ्या हिश्शापर्यंत. मुकादम किंवा वॉर्डर नेमलेल्या कैद्याला याहून जास्त. दोन वर्षे सक्तमजुरीचा कैदी घ्या. पहिल्या महिन्यापासून एकही दिवस न चुकवता काम केले तर सुमारे ८५ दिवसांची माफी जमते, म्हणजे तो पावणेतीन महिने आधी सुटतो. मागावर हात बसायला तीन-चार महिने गेलेले असतात. जो उत्तम विणतो, ज्याचे कापड भिंगाखाली तीनही ठिकाणी ३२ धागे दाखवते, त्याचेच तिकीट सर्वांत आधी बंद होते. आणि त्याच्या मागाच्या खड्ड्यात सोमवारी नवा माणूस पाय सोडून बसतो, ज्याला धोटा कोणत्या हाताने धरायचा तेही ठाऊक नसते.